तिखट शेवयांची रीत

"आता हे सांगितलं तर कुणाचा इश्वास बसणार न्हाई," भगवानराव म्हणाले आणि त्यांनी बशी पुढ्यात ओढली. "पण आपल्या घरात नव्या सुनेच्या हातचा पहिला घास तिखटच लागतो."

ओसरीवर कुणी हाललं नाही. चार बशा मांडलेल्या होत्या आणि चारींतून वाफ निघत होती. शेवया. खजुरी गावात शेवया म्हटलं की दूध, गूळ, वेलदोडा. ह्या शेवयांत मात्र मोहरी होती, कढीपत्ता होता, उभी चिरलेली हिरवी मिरची होती आणि खमंग शेंगदाणे होते.

सुधारानी सून होऊन आली त्याला आज चौथा दिवस. कलबुर्गीत वाढलेली, शाळा कन्नडची. सकाळी सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, तिच्या हाती घरच्या शेवयांचा डबा दिला. "आज पहिलं रांधणं तुझं. आक्का मेहकरहून मुद्दाम आल्यात." गोड कर, हे सांगायचं कुणाला सुचलंच नाही. तिच्या माहेरी शेवयांचं उप्पीटच करतात. पोरीनं पाव तासात काम उरकलं. शेवया तुपावर लालसर परतल्या, कांदा-मिरचीची फोडणी केली, आधणाचं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, उतरवताना लिंबू पिळलं आणि हसत हसत बशा घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, झक्क जमलं.

सासऱ्यांनी, भगवानरावांनी, आत मोहरी तडतडली तेव्हाच ओळखलं होतं. पण आक्का त्यांच्या शेजारीच बसली होती. उठून आत सांगायला जायची सोय नव्हती.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिनं एखाद्या सुनेला नाव ठेवलं की ते भालकीपासून आळंदपर्यंत जायचं आणि सून म्हातारी झाली तरी पुसलं जायचं नाही. तिच्या धाकट्या जावेला अजून सगळे 'अळणी' म्हणतात. तीस वर्षांपूर्वीच्या एका आमटीपायी.

"भगवान," आक्का म्हणाली, "सून पहिलं गोड करती. तिखटानं कोण सुरुवात करतंय?"

"कामून करत्यात ते इचार की!" भगवानरावांनी मांडी बदलली. "आपल्या पणजीनं हितंच गोड शेवया केल्या. गुळाच्या वासानं आख्ख्या तालुक्यातल्या मुंग्या निघाल्या. आल्या त्या रांगेनं आल्या, अन् पंगतीतल्या भरल्या पत्रावळ्या उचलून चालायला लागल्या. कोपऱ्यात पाटील घोंगडीवर निजला हुता. त्याला बी घोंगडीसकट घेऊन गेल्या. सकाळी जाग आली तर बाबा तीन कोसांवर, ज्वारीच्या रानात! तवापासनं पणजोबांनी आण घातली. सुनेचं पहिलं रांधणं तिखट."

व्यंकटला, म्हणजे नवऱ्यामुलाला, ठसका लागला. त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तिथंच ठेवला.

सुधारानी दारात उभी होती. मुंग्यांचं तिला नीटसं कळलं नाही. पण बशांना कुणी हात लावत नाही, एवढं कळलं. घाबरली की तिच्या तोंडून कन्नडच निघायचं.

"तप्पायता?" ती पुटपुटली. मग सावरून म्हणाली, "काही चुकलं का, मामा?"

"काय बी चुकलं न्हाई, माय."

"मी ह्याच घरात जन्मले," आक्का म्हणाली. "मला ही आण कुणी सांगितली न्हाई ती?"

"तू तवा लहान हुतीस, आक्का."

"मी तुझ्यापरीस सहा वर्सांनी थोरली हाय."

भगवानरावांनी भला मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही. घासात मिरची आली. डोळ्यांत पाणी आलं, तरी ते चावत राहिले. दारात सुधारानीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

सत्यभामाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. नवं माणूस घरात आल्यासारख्या बघत होत्या. बघता बघता त्यांनी बशी उचलली, एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

"आक्का, खाऊन तर बघा. गार झाल्यावर मजा न्हाई ह्यात."

आक्कानं चिमूटभर शेवया तोंडात टाकल्या. सगळ्यांनी तिच्या जबड्याकडं बघितलं. तिनं शेंगदाणा चावला, गिळला आणि बशी जवळ ओढली.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली आणि खाली मान घालून खायला लागली.

भगवानरावांचा जीव भांड्यात पडला. सुधारानी लगबगीनं आत वळली, आणखी वाढायला. आता गप्प बसायचं, तर त्यांना कुठलं राहवतंय!

"अन् त्या मुंग्यांतली जी म्होरकी हुती..."

"थांबा जरा." सत्यभामाबाईंनी बशी खाली ठेवली. "माझी पहिली हुग्गी, गव्हाची खीर, बुडाला लागली हुती. मी आत रडत बसले हुते. तवा तुम्ही येऊन सांगितलंत, ह्या घरात हुग्गी जराशी लागलेलीच करत्यात, देवाला त्यो वास आवडतो."

भगवानराव बशीतले शेंगदाणे एका कडेला लावू लागले.

"म्हंजे एक्केचाळीस वर्सं दर सणाला मी हुग्गी मुद्दाम करपवायले," सत्यभामाबाई म्हणाल्या, "अन् ते बी खोटंच व्हय?"