टेबलाची उंची

कारखान्यात कामगारांच्या पाठी-माना तपासायला आलेली डॉक्टर पॅकिंगच्या टेबलापाशी थांबली. उंच्यापुऱ्या मावशी कमरेत वाकून खोकी भरत होत्या.

“मावशी, खरं सांगा, दुखतं ना?”

मावशी खोकी भरतच राहिल्या. फारच आर्जव केलं तेव्हा हळूच म्हणाल्या, “कंबर गं पोरी. संध्याकाळी सरळ उभं राहवत नाही.”

डॉक्टरने मॅनेजरला बजावलं, “टेबल ठेंगणं आहे. वीतभर उंच करा, नाहीतर यांची कंबर कामातून जाईल.”

महिन्याने ती परत आली. टेबल होतं तेवढंच होतं. त्याच्यामागे एक बुटकी बाई ताठ उभी राहून खोकी भरत होती.

“बघा, आता कुणाला वाकावं लागत नाही,” मॅनेजर खुशीत म्हणाला.

“आणि मावशी?”

“त्यांना घरी बसवलं. दुखणाईत माणूस ठेवलं तर उद्या तुम्हीच आम्हाला बोल लावाल.”

डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला नको नको ते सुनावलं. तो नुसता हसत राहिला. शेवटी ती त्या बाईकडे वळली.

खांदा चोळणारा हात बाईने झटकन खाली घेतला. “मला कुठ्ठं काही दुखत नाही हो, ताई.”