हद्दीचा दगड

फलाटालगत रचलेल्या जुन्या दगडांच्या ढिगात भागूबाईंना अखेर तो दगड सापडला. नवऱ्याने छिन्नीने कोरलेली पणती त्यावर अजून स्पष्ट होती.

अजातदंत, अजून दात न आलेल्या, बालकास अग्नी देत नाहीत, भूमीच्या स्वाधीन करतात. रेल्वे बंद पडली त्याच वर्षी त्यांची तान्ही लेक गेली, आणि रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत गँगमन असलेल्या नवऱ्याने तिला रुळांच्या कडेला, आपल्या गँगच्या हद्दीच्या दगडापाशी निजवले. पंचक्रोशीत नांगर कधीच फिरणार नाही अशी तेवढीच जागा होती. पुढे नवराही गेला. बाभळींच्या रानातून दरवर्षी त्या दगडाच्या खुणेनेच भागूबाई तिथे पोहोचत. आता तीस वर्षांनी गाडी पुन्हा धावणार होती. नव्या, रुंद मार्गासाठी रान साफ झाले होते आणि जुने दगड उपटून इथे आणले होते.

"मावशी, घावला न्हवं दगड? मग रडताय कशापायी?" मुकादमाने विचारले.

"दगड घावला रं बाबा. जागा कुठं घावली?"

तरुण इंजिनियरने सारे ऐकून डोक्यावरचे हेल्मेट काढले. "आजी, जागा तेवढी दाखवा. तिथं जेसीबी लावणार नाही. माझी माणसं हातानं खणतील."

भागूबाईंनी दृष्टी पोहोचेल तिथवर पाहिले. दोन्ही दिशांना सारखीच तांबडी, उघडी माती पसरली होती.

"मग समदीच हातानं खणा, सायेब."

इंजिनियरने हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवले. जेसीबी घरघरत पुढे येऊ लागला, तेव्हा भागूबाई पदर खोचून त्याच्या वाटेत खाली बसल्या आणि बोटांनी माती उकरू लागल्या.