बगळ्यापुरती जागा

“मग मी लिहू कुठे? माझ्या टाळक्यावर?” कुआंग गुरुजी कडाडले.

मिनयीच्या तोंडचं पाणी पळालं. पॅरिसला सात वर्षं काढून ती कालच चीनला, सूचौच्या घरी परतली होती. गुरुजींनी तिच्या चित्रावर दोन ओळी लिहून शिक्का मारला, तर ती त्यांची शिष्या. नाहीतर त्यांच्या लेखी ती मेली. शिष्याने चित्रात कोरी जागा राखायची आणि गुरूने तिथे लिहायचं, ही त्या घराची रीत. मिनयीने मात्र कागद काठोकाठ भरला होता. सांजेचं करडं आभाळ, वाऱ्याने झुकलेली लव्हाळी, काळं पाणी आणि मधोमध उडणारा बगळा. उजेडही गोऱ्यांच्या तैलचित्रांसारखा एका बाजूने येत होता.

“तिकडे कागद फार महाग दिसतो. बोटभर जागा सोडवली नाही तुला! आणि बगळ्याला हा विलायती पांढरा रंग. भिंतीला चुना फासतात तसा.”

“रंग नाही लावला, गुरुजी.”

“मला शिकवतेस?”

त्यांनी करंगळीचं लांब नख बगळ्याच्या पंखावरून हलकेच ओढलं. रंग असता तर पापुद्रा निघाला असता. काहीच निघालं नाही. चष्मा कपाळावर सारून, नाक कागदाला टेकेपर्यंत ते वाकले. पंखाखाली पाहिलं, मानेपाशी पाहिलं. चोच आणि डोळ्याचा ठिपका सोडला, तर बगळा काढलेलाच नव्हता. पोरीने फक्त भोवतालची सांज रंगवली होती. उडत होता तो कोरा कागद.

गुरुजी सावकाश सरळ झाले. साठ वर्षं त्यांनी कोरी जागा राखली होती. तिला पंख फुटलेले ते आज पाहत होते.

लिहायला भिजवलेला कुंचला त्यांनी खाली ठेवला. “इथे अक्षर टाकलं तर पाप लागेल,” ते पुटपुटले.

म्हणजे शिक्का नाहीच. मिनयीने डोळे पुसले आणि चित्र गुंडाळायला घेतलं.

“राहू दे ते. नवा कागद पसर. हे कसं केलंस ते दाखव मला.”

ती गडबडीने शाईच्या दगडाकडे वळली. शाई घोटणं शिष्याचं काम, हे ती आठव्या वर्षापासून जाणत होती. पण गुरुजींनी दगड स्वतःपुढे ओढला आणि त्यावर पाणी शिंपडलं.

“तू बस, पोरी,” बाह्या सावरत ते म्हणाले. “शाई मी घोटतो.”