दोन भोवरे

सकाळपासून बाबा तिला 'बाई' म्हणत होते. अहो बाई, पाणी मिळेल का? अहो बाई, घरी कधी सोडणार? सांभाळायला येणाऱ्या मावशींनी नेमकी आजच दांडी मारली, म्हणून तिनं त्यांना प्रयोगशाळेत आपल्या शेजारी बसवलं होतं. जन्मभर वायरमन म्हणून राबलेला माणूस. आता घरातलं दिव्याचं बटण सापडत नव्हतं, आणि आज तर पोटची पोरही ओळखू येईना.

पडद्यावर काळ्या पट्टीत एक पांढरा ठिपका हलला. बाबा पुढे झुकले.

"हे काय हो?"

"भोवरा. खूप गार केलेली धातूची पट्टी आहे, बाबा. त्या ठिपक्याभोवती करंट गरगर फिरतोय."

"आणि तापत नाही?"

"अजिबात नाही."

"काय सांगता!" त्यांच्या डोळ्यांत जुना वायरमन लख्ख जागा झाला. तिचं काळीज सुपाएवढं झालं. ती भराभर सांगू लागली, "पण तो काठाशी आलाय. करंटला काठाबाहेर जाता येत नाही, मग तो काठाकडच्या चिंचोळ्या जागेतून दाटीवाटीनं पळतो. तिकडंच ओढला जातो भोवरा."

"मग धरा की त्याला!"

"धरायला धातूत एखादी खोट लागते. तिथं अडकून बसतो तो. ही पट्टी फारच निर्मळ निघाली."

"म्हणजे नुसतं बघत बसायचं?"

"नुसतं बघत बसायचं, बाबा."

ठिपका काठाला टेकला आणि दिसेनासा झाला.

"गेला की हो," बाबा हळहळले.

तिला राहवेना. लहानपणी वेणी घालताना तिच्या डोक्यावरचे दोन भोवरे मोजून बाबा रोज चिडवायचे, दोन नवरे करणार गं माझी चिमणी! तिनं केसांचा चिमटा काढला आणि त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसून मान खाली घातली.

"बघा ना बाबा. काय दिसतंय?"

बाबांचं बोट केसांतून फिरलं. एका जागी थांबलं. मग दुसऱ्या.

"एक... दोन!" बाबा खुदकन हसले. "दोन नवरे करणार!"

तिनं मान तशीच खाली धरली. देवा, आता फक्त एकदा चिमणी म्हणू दे.

"आमच्या चिमणीलाही अगदी असेच आहेत हो, बाई," बाबा खुर्चीतून उठत म्हणाले. "तिची शाळा सुटेल आता. दाराशी वाट बघत उभी राहते पोर. सोडा की मला."