बाजेखालचा विस्तव

“ताई, जानेवारीत पंखे विकून राहिलो मी,” अश्वजित म्हणाला होता, “आन् तू बाजेखाली आग घेऊन झोपली. लेकराले भाजून काढतं का?”

तृप्ती हसली होती. भावाचं भंडाऱ्यात पंखे-कूलरचं दुकान. त्याला बारा महिने उन्हाळाच दिसणार.

“ग्लोबल वॉर्मिंग होय हे,” तो म्हणाला. “टीव्हीवर सांगते ना.”

“एका हिवाळ्यानं काही सिद्ध होत नाही, राजा. बी.एस्सी. केली आहे मी.”

“मंग मागच्या साली? त्याच्याही मागं?”

“जाय, पंखे इक.”

आज दुपारी कारधा गावातल्या त्याच खोलीत खिडकी बंद होती आणि दारावर चादर सोडलेली होती. बाजेखाली घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओव्याची धुरी. बाहेर रस्त्यानं माणसं अर्ध्या बाहीच्या शर्टात जात होती. पण महिना पौषाचा होता, आणि बाळंतिणीची खोली महिन्यावर चालते, हवेवर नाही.

तृप्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती. नाव अजून ठेवायचं होतं. अंगात झबलं, डोक्याला लोकरीची टोपी, पायांत मोजे, दोन दुपटी, वर गोधडी. सकाळपासून ती नीट पीत नव्हती. तृप्तीनं दुपट्यात हात घालून पोट चाचपलं.

“आई, अंग गरम लागते वं हिचं.”

लीलाबाईंनी नातीच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. “ताप आला. थंडी बसली लेकरात. काल आंघोळीच्या वक्ती दार उघडं ठेवलं होतं ना तू!”

“पण थंडी आहे कुठं? मलेच घाम येऊन राहिला.”

“तुले घाम येते म्हणून लेकराले थंडी नसन लागत का? पुसाचा महिना आहे. तू वाढली, अश्वजित वाढला, याच बाजेवर. शिकली म्हणून मायले शिकवतं?”

तृप्तीनं दुपटं परत नीट गुंडाळलं. ती वाढली होती, हे खरंच होतं. तेव्हा सकाळी तोंडातून वाफ निघायची आणि नदीवरचा पूल धुक्यात दिसायचा नाही.

लीलाबाई चुलीतले निखारे आणून घमेल्यात ओतायला गेल्या. खिडकीच्या फटीत कापड कोंबलं ते तृप्तीनं. स्वतःच्या अंगावरची शाल काढून बाळावर घातली तीही तिनंच.

बाळ लालबुंद झालं. मान इकडून तिकडे करत किरकिरलं. तिनं छातीशी धरलं तर तोंड उघडलं, पण ओढलं नाही. मग रडणं बारीक होत गेलं, आणि थांबलं.

“पाह्य,” लीलाबाई कुजबुजल्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. “शेक लागला तशी झोपली माझी माय. आता उठवू नोको.”

तृप्तीनं उठवलं नाही. कुशीवर पडून ती बघत राहिली. लेक झाल्यापासून तिनं दुसरं केलंच काय होतं, नुसतं बघणं. गोधडी हलताना दिसेना. तिला वाटलं, गोधडी जाड आहे.

मग तिनं आत हात घातला. इवलासा हात वर उचलला आणि सोडला. तो पडला तसाच पडून राहिला.

शेजाऱ्याच्या ऑटोनं पूल ओलांडला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकेक कपडा काढला. शाल, गोधडी, दुपटं, आत आणखी एक दुपटं, टोपी, मोजे. बराच वेळ त्यांची बोटं त्या छातीवर चालत होती. मग थांबली.

“एवढ्या उकाड्यात?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. वर पंखा फिरत होता.

एका हिवाळ्यानं काही सिद्ध होत नाही. तृप्तीला आपलं वाक्य आठवलं. ते अजूनही बरोबरच होतं.

अश्वजित दुकान उघडंच टाकून धावत आला. दारात उभा राहिला. ‘सांगितलं होतं ना’ असं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

लीलाबाई व्हरांड्यातल्या बाकावर नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कमरेला खोचलेली टोपी काढली आणि लेकीपुढे धरली.

“घाल वं तिले, तृप्ती. डोसकं थंड पडलं लेकराचं.”

तृप्तीनं टोपी घेतली. घातली नाही. मुठीत धरून ती दुसऱ्या हातानं फोन लावत होती. प्रतीक्षाला. कॉलेजातली मैत्रीण, अड्याळला माहेरी आहे. परवाच मुलगा झाला तिला. फोन बंद येतो. ओल्या बाळंतिणीजवळ फोन ठेवू देत नाहीत.

तुम्ही अड्याळकडचे असाल, तर जरा जाऊन या तिच्याकडे. बाजार संपला की उजवीकडे निळ्या दाराचं घर. खिडकी बंद असेल. थंडीचे दिवस आहेत, बाळ झोपलं आहे, असं सांगतील. ऐकू नका. आत जा, आणि बाजेखाली वाकून बघा.