तांडेलाची बोट

तोफा सज्ज झाल्या आणि तेव्हाच लक्षात आलं, की म्हातारा तांडेल कुठेच दिसत नाही.

समोर जुनी टँकर बोट रिकामी डोलत होती. नौदलाने तिला निशाण्याच्या सरावात बुडवायचं ठरवलं होतं. तिच्यावरचा झेंडा उतरवायचा मान या निवृत्त तांडेलाला दिला होता, कारण तिच्यावरच्या खलाशांचा म्होरक्या म्हणून त्याने उभी हयात काढली होती. झेंडा उतरला, सगळे लाँचमधून युद्धनौकेवर परतले. तांडेल परतला का, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगेना.

कॅप्टनने तोफा थांबवल्या आणि टँकरवर माणसं धाडली.

“तो उतरलाच नसणार,” लाँचचा चालक म्हणाला. “तिच्यासोबतच जाईल तो.”

ते पटण्यासारखं होतं. छोट्या बंदरांना तेल पोचवणारी ती साधी बोट. युद्धात तिने भर समुद्रात लढाऊ नौकांच्या टाक्या भरल्या, वादळानंतर बेटांवर पिण्याचं पाणी नेलं. मोठ्या जहाजावरची बढती नाकारून तांडेल तिच्यावरच राहिला. त्याचा धाकटा भाऊ तिच्या टाकीत साफसफाईला उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून गेला, तरी याने तिला सोडलं नाही. त्यानंतर टाकीत तो दुसऱ्या कोणाला उतरू देत नसे, स्वतःच उतरायचा. बायको बोटीला सवत म्हणायची.

कॅप्टनने तिलाच फोन लावला. सकाळी घासही न घेता ते निघाले, जाताना वळूनसुद्धा पाहिलं नाही, असं तिने सांगितलं. मग म्हणाली,

“त्यांना ओढून आणा, साहेब. ते आपणहून यायचे नाहीत.”

टँकरवरच्या माणसांनी केबिनी धुंडाळल्या, इंजिनघर पालथं घातलं. टाक्यांची झाकणं उघडून हाका मारल्या. शेवटी एक जण मास्क लावून, कमरेला दोर बांधून भावाच्या त्या टाकीत उतरला. वरचे श्वास रोखून दोराकडे बघत राहिले. तो रिकाम्या हातांनी वर आला.

आता पाणबुडे बोलवावेत की काय, असा विचार कॅप्टन करत असतानाच तोफेवरून फोन आला. तोफची दबक्या आवाजात बोलत होता.

“साहेब, तांडेल इथे आहेत. तोफेला धरून बसलेत, हलायला तयार नाहीत.”

“काय म्हणतायत?”

“पहिला गोळा मला डागू द्या, म्हणतायत. तिला बुडताना बघायलाच इतकी वर्षं थांबलो होतो.”