निवडुंगाची निर्जळी

सूनबाईच्या गेलेल्या आईचा निवडुंग मी बुडाशी दाबला आणि बोट आत गेलं. चिकट काळ्या मातीत लावून, ऊन लागू नये म्हणून सावलीत ठेवून, महिनाभर तुळशीबरोबर त्यालाही रोज पाणी घालत होते मी.

"माझ्याच हातून कुजला गं," मी सूनबाईला म्हटलं.

ती सुरी घेऊन बुडापासून कापू लागली. पहिली चकती आतून तपकिरी निघाली. दुसरीही. मी देवाचं नाव घेत राहिले. आता वीतभरच तुकडा उरला होता. तिसरी निघाली, स्वच्छ हिरवी.

"हा सुकू द्या, आई. मग वाळूची माती आणि उन्हाची खिडकी. दहा दिवस पाणी नाही."

"म्हणजे निर्जळी?"

"तुमच्याहून कडक," डोळे पुसत ती हसली.

जन्मभर उपास केले, पण दुसऱ्याला उपाशी ठेवताना जीव घाबरला. रोज पाणी घालायचा तांब्या मी तिच्याच हाती दिला.